कॉलनीच्या खुल्या जागेत बाग करायची, तर आधी पाण्याची वाट शोधा

बेळगावात कॉलनीच्या खुल्या जागेचा विषय निघाला की बैठकीत पहिल्यांदा गेट ठरतं. मग कंपाउंड, मग पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, आणि उरलेल्या जागेत लॉन. पाण्याचा विषय सगळ्यात शेवटी, तोही ‘बोअर मारून घेऊ’ एवढ्यावर मिटतो. मग जुलैत त्या लॉनवर घोटाभर पाणी आणि एप्रिलात तिथंच फुफाटा. दोन्हीचं मूळ एकच. शहरात वर्षाला सुमारे १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक सगळा जून ते ऑक्टोबर या काळात. जागा ते पाणी धरून ठेवू शकली नाही तर पुढचे सहा-सात महिने बागेला टँकरची वाट बघावी लागते. म्हणून आराखडा कागदावर काढायच्या आधी पाणी कुठून येतं, कुठं थांबतं आणि कुठून बाहेर पडतं हे समजून घ्यायचं. गेट नंतर बसवलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

खाली जे लिहिलंय ते शहर आणि आसपासची गावं धरून आहे. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाचा मारा याहून कितीतरी जास्त, आणि अथणी-रायबागकडे पाऊस तुटपुंजा. निपाणी-चिकोडी मधे कुठंतरी. आकडे आपापल्या गावाप्रमाणे कमी-जास्त करून घ्यावे लागतील.

जागा बघायला जायचं ते जोराच्या पावसात, छत्री घेऊन. रस्त्याचं पाणी कुठल्या कोपऱ्यातून आत शिरतं, शेजारच्या घरांच्या गच्चीचे पाइप कुठं सुटतात, पाऊस थांबल्यावर डबकं किती वेळ टिकतं, एवढं टिपून घेतलं की अर्धा आराखडा तयार. उरलेला अर्धा उन्हाचा. भाजीला निदान सहा तास थेट ऊन लागतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळं दक्षिणेला उंच इमारत असेल तर मे महिन्यात उन्हानं भरलेली जागा थंडीत दिवसभर सावलीत जाते. नवलकोल, कोबी, गाजर हे सगळं थंडीतलं पीक, म्हणजे ऊन बघायचं ते डिसेंबरातलं.

मग मुरण्याची चाचणी. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा आणि पूर्ण जिरू द्या. पहिल्या भरण्याचं माप घ्यायचं नाही, कारण कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखं पाणी पिते. लगेच दुसऱ्यांदा भरा, आत एक पट्टी उभी रोवा आणि तासाला पाणी किती उतरतं ते बघा. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर पाणी जिरवायची जागा म्हणून उत्तम. एक सेंटिमीटरच्या आत असेल तर तिथं पाणी साठवायच्या भानगडीत पडू नका, ते बाहेर काढायची सोय करा. हिंडलगा, कंग्राळी, कॅम्प या बाजूच्या तांबड्या मुरमाड मातीत पाणी चटकन जिरतं. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची काळी माती पाणी पिऊन फुगते, मग वरचं पाणी खाली जाऊच देत नाही, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकाच शहरात या दोन तऱ्हा असल्यामुळं टिळकवाडीत जमलेली बाग बघून तीच वडगावात उतरवायला गेलं की फसतं.

कॉलनीच्या खुल्या जागेत माती म्हणून जे दिसतं त्यात निम्मा राडारोडा असतो. घरं बांधताना उरलेलं सिमेंट, चुना, फरशीचे तुकडे सगळे तिथंच पसरलेले असतात. मूठभर माती घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे, आणि अशा मातीत लोह झाडाला मिळत नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी पानं दिसायला लागतात, आणि लोक युरिया टाकत बसतात. रीतसर तपासणीसाठी जागेतल्या आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा पंधरा सेंटिमीटरचा चर घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करायची, सावलीत वाळवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवायची. मत्तीकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळचं रयत संपर्क केंद्र इथं तपासणीची चौकशी करता येते. सामू (pH) साडेसहा ते साडेसात आला की निश्चिंत. जागेवर पूर्वी गॅरेज, बॅटरीचं दुकान किंवा रंगाचं काम झालं असेल तर मात्र पालेभाजी आणि कंद लावायचेच नाहीत. शिसं मातीत राहतं, ते पानांवर धुळीनं आणि कंदावर मातीनं येतं. तिथं फळभाजी लावा, किंवा बाहेरची माती आणून उंच वाफे करा.

आता मुख्य काम: पावसाच्या पाण्याचा खोलगा. आजकाल त्याला रेन गार्डन म्हणतात. हिशेब साधा आहे. समजा रस्त्याचा आणि आवाराचा मिळून २०० चौरस मीटर भाग तुमच्या जागेकडे उतरतो. २५ मिलिमीटर पावसाची एक सर धरा, त्यातलं ८० टक्के वाहून येतं असं धरा. २०० × ०.०२५ × ०.८ म्हणजे ४ घनमीटर, चार हजार लिटर. खोलग्यात पाणी १५ सेंटिमीटर उभं राहू द्यायचं, तर साधारण २७ चौरस मीटर जागा लागते. नऊ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. एवढी जागा नसेल तर लहान करा, पण मग सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेवर, जास्त लक्ष द्या.

खोदाई ६५ सेंटिमीटर. तळाला १५ सेंटिमीटर ४० मिलिमीटरची खडी, तिच्यावर ५ सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर ३० सेंटिमीटर मिश्रण: पाच हिस्से वाळू, तीन हिस्से माती, दोन हिस्से कुजलेलं कंपोस्ट. वर १५ सेंटिमीटर मोकळं, पाणी उभं राहायला. २७ चौरस मीटरला मोठी खडी दीड ब्रास, बारीक खडी अर्धा ब्रास आणि मिश्रण जवळजवळ तीन ब्रास, त्यात वाळूच दीड ब्रास. इथं कंत्राटदार हमखास दोन गोष्टी करतात. एक, धुतलेल्या वाळूऐवजी क्रशरची भुकटी मिसळलेली वाळू टाकतात, आणि दोन पावसात वर सिमेंटसारखा थर बसतो. दोन, खडी आणि मातीच्या मधे कापड अंथरतात. ते कापड गाळानं चोंदतं आणि खोलग्याचा टब होतो. बारीक खडीचा थर नीट दिला तर कापडाची गरज नाही. काम चालू असताना तळावर जेसीबी फिरवू द्यायचा नाही. काठावर उभा राहून हात आत घालू दे, नाहीतर ज्या मातीत पाणी जिरवायचं तीच दाबून घट्ट होते.

पाणी आत घेण्यासाठी रस्त्याच्या कर्बला, म्हणजे कडेच्या उंच काठाला, ३० ते ४५ सेंटिमीटरची खाच. खाचेच्या आतली जमीन रस्त्यापेक्षा निदान ५ सेंटिमीटर खाली हवी. बरोबरीला ठेवली तर पहिल्याच पावसात तिथं माती आणि पालापाचोळ्याचा बांध तयार होतो आणि पाणी पुढं निघून जातं. आत शिरल्या शिरल्या दोन फूट बाय दोन फुटाचं चिऱ्यांनी बांधलेलं कुंड ठेवा, गाळ त्यातच बसेल आणि फावड्यानं काढता येईल. दुसऱ्या टोकाला सांडवा, तळापासून बरोबर १५ सेंटिमीटर उंचीवर, दगड लावलेला, गटारीकडे उतरणारा. सांडव्याची पातळी डोळ्यांनी ठरवू नका, गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली नळी लावून मोजून घ्या. आणि एक तपासणी विसरायची नाही: मोठ्या पावसात शेजारची गटार तुंबून उलटी येते का? शहरातल्या सखल भागात, बेळ्ळारी नाल्याच्या बाजूला, हे नेहमीचं आहे. तसं असेल तर खाच गटारीच्या तुंबलेल्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर बागेत सांडपाणी घुसेल.

खोलग्यातलं पाणी २४ तासांत जिरलंच पाहिजे. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळं एक दिवसाच्या पाण्यात डास होत नाहीत. लोक मात्र पहिल्या आठवड्यात तक्रार करणारच, तेव्हा हा आकडा तोंडपाठ असू द्या. दोन दिवस पाणी उभं राहिलं तर वरची पाच सेंटिमीटर माती गाळानं बंद झालीय असं समजायचं. ती खरवडून काढून नवं मिश्रण भरा. घराच्या पायापासून खोलगा तीन मीटर लांब हवा, काळ्या मातीत त्याहून जास्त, कारण तिथं माती फुगली की भिंतीला तडा जातो.

खोलग्यात लावायचं काय? सहा तास बुडून राहणारं आणि मग चार महिने कोरडं सोसणारं. वाळा सगळ्यांत भरवशाचा, त्याची मुळं सरळ खाली जातात आणि पाण्याला वाट करून देतात. कर्दळ उन्हाळ्यात मान टाकते पण कंद जगतो. काठावर निर्गुडी, अडुळसा, गवती चहा. वेखंडाला कायम ओल लागते, इथं तो एप्रिलात जातो. अळू मस्त वाढेल, पण रस्त्याच्या पाण्यावरचं अळू खायचं नाही. टायरची धूळ, ऑइल सगळं त्यात येतं. ही गोष्ट फलकावर लिहावी लागते, कारण श्रावणात कुणीतरी वडीसाठी पानं खुडणारच.

जवळ जुनी विहीर असेल तर निम्मा प्रश्न सुटला. या शहरात विहिरी भरपूर. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४च्या अधिवेशनासाठी खणलेली. विहिरीत सोडायचं ते फक्त गच्चीचं पाणी, रस्त्याचं कधीच नाही. १०० चौरस मीटर गच्चीचं पहिलं दोनशे लिटर पाणी एका पिंपात बाजूला काढा, कारण त्यात कबुतरांची घाण आणि धूळ असते. पुढचं पाणी एक मीटर खोल गाळणीतून न्या: तळाला मोठी खडी, मधे बारीक, वर एक फूट वाळू. वरची वाळू दरवर्षी मेमध्ये काढून धुवायची. हे कोणी करत नाही, आणि मग जुलैत गाळणी भरून वाहते आणि पाणी सरळ विहिरीत जातं.

भाजीचे वाफे १.२ मीटर रुंद. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, आत पाय टाकावा लागत नाही. मुलांसाठी ९० सेंटिमीटर. लांबी तीन मीटर पुरे. लांब वाफा केला की माणसं वळसा घालायच्या कंटाळ्यानं मधूनच उडी मारतात. मधली वाट ६० सेंटिमीटर, मुख्य वाट १२० सेंटिमीटर, म्हणजे ढकलगाडी आणि व्हीलचेअर दोन्ही जाते. वाटेवर पेव्हरपेक्षा मुरूम बरा. कडेला चिरे लावा, पण सिमेंटनं जोडू नका, फटीतून पाणी निघू दे. काही वाफे मुद्दाम ४५ सेंटिमीटर उंच, रुंद काठाचे ठेवा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना काठावर बसून भांगलण (तण काढणं) करता येते, आणि कॉलनीच्या बागेत नियमानं येणारी माणसं तीच असतात.

वाफ्याची उंची हा इथला खरा मुद्दा. पुस्तकात उंच वाफे छान दिसतात, ते पावसाळ्यासाठी बरोबरही आहेत. २० ते ३० सेंटिमीटर उंच वाफा नसेल तर जुलैत मुळं कुजतात. पण तोच उंच वाफा मार्चपासून चारही बाजूंनी वाळतो. तांबड्या मातीत तर सकाळचं पाणी दुपारी दिसत नाही. म्हणून दसऱ्यानंतर हळूहळू वाफे सपाट करत आणायचे आणि फेब्रुवारी अखेरीला मधे खोलगट, कडा उंच, ताटासारखे करायचे. मिरगाच्या आधी पुन्हा चढवायचे. वर्षातून दोनदा कुदळ-फावड्याचं काम वाढतं, पण उन्हाळ्यातलं पाणी वाचतं. अथणीकडे तर पावसाळ्यातही खोलगट वाफेच बरे.

तीन मीटरचा वाफा ३० सेंटिमीटर भरायला साधारण एक घनमीटर माल लागतो. सहा हिस्से माती, तीन हिस्से कुजलेलं खत, एक हिस्सा वाळू किंवा भाताचं जळकं तूस. खानापूर रोडच्या भातगिरण्यांवर तूस सहज मिळतं. ते कच्चं घालू नका, कुजताना मातीतलं नत्र खातं. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, स्वस्तात मिळतो. पण ताजा प्रेसमड आतून तापतो, रोपं दोन दिवसांत करपतात. ओला ठेवून, दर पंधरा दिवसांनी उलटून, दोन-तीन महिने कुजवून मगच वापरा. हात घातला आणि गरम लागला नाही, वास मातीसारखा आला, की तयार. वाफ्यामागं अर्धा किलो निंबोळी पेंड मातीत मिसळली की मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचा त्रास कमी होतो.

कंपोस्ट खड्ड्यात करू नका. हे दहादा सांगावं लागतं. सगळी पत्रकं खड्डा सांगतात, पण बेळगावच्या पावसात खड्डा भरून त्याचं डबकं होतं आणि कॉलनी वासानं हैराण. जमिनीवर, जाळीच्या गोल पिंजऱ्यात करा: व्यास ९० सेंटिमीटर, उंची १२० सेंटिमीटर, वर पत्रा. तीन बुट्ट्या वाळका पाला, एक बुट्टी ओला भाजीचा कचरा, असे थर. दहा किलो शेण ५० लिटर पाण्यात कालवून थरांवर शिंपडा. मूठ आवळली की बोटांच्या मधे ओल दिसावी, थेंब पडू नये. महिन्यातून एकदा उलटलं तर चार-पाच महिन्यांत खत. वीस घरांचा ओला कचरा रोज आठेक किलो धरला तर त्याच्या तिप्पट आकारमानाचा पाला लागतो, आणि पाला वर्षभर मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावरचा पाला पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर लोक तो कोपऱ्यात पेटवून टाकतात. शिजवलेलं अन्न टाकलं की उंदीर आलेच. अशोकाची आणि निलगिरीची पानं फार सावकाश कुजतात, त्यांचा वेगळा ढीग करा आणि वाटेवर पसरा.

पिकांचं वेळापत्रक पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या यादीवरून उचलू नका. जून ते सप्टेंबर मेथी-कोथिंबीर उघड्यावर पेरण्यात अर्थ नाही, सरीचा शिंतोडा लागून आडवी होते. त्या काळात मांडवावर दोडका, कारलं, काकडी, भोपळा. जमिनीवर भेंडी, हळद, आलं, आणि पालेभाजी हवीच तर अळू. हळद-आलं वळीव पडल्यावर मेमध्येच लावायचं. मांडवाच्या कामट्यांना जोर हवा, पश्चिमेचा वारा आणि भिजलेला वेल मिळून हलका मांडव पाडतात. चौकोनात आडवी-तिडवी दोरी बांधण्यापेक्षा कोपऱ्यांना तिरके टेकू द्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका कडेला रताळ्याचे वेल रोवले तर जमीन झाकली जाते आणि काँग्रेस गवताला जागा राहत नाही. कोबी, फ्लॉवर, टोमॅटोचा तरवा (लावणीसाठीची रोपं) ऑगस्ट अखेरीला पत्र्याखाली टाका, आणि सप्टेंबर संपताना लावण करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा इथला सोन्यासारखा हंगाम: नवलकोल, बीट, गाजर, वाटाणा, मेथी, शेपू. मार्चनंतर लाल माठ, पोकळा, अंबाडी, गवारी, चवळी. बाकीचे वाफे सरळ बंद करून झाकून ठेवा.

का बंद करायचे, त्याचा हिशेब. एप्रिलात भाजीला चौरस मीटरमागं दिवसाला पाचेक लिटर पाणी लागतं. तीन मीटरचे वीस वाफे म्हणजे ७२ चौरस मीटर, रोज ३६० लिटर. पाच हजार लिटरची टाकी चौदा दिवसांत रिकामी. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत सत्तावीस हजार लिटर लागतील. टाकीवर ‘जलसंवर्धन’ असं रंगवून घेतल्यानं यात काही फरक पडत नाही. विहीर नसेल तर उन्हाळ्यात वीसपैकी सहा-सात वाफेच चालवा.

चालू ठेवलेल्या वाफ्यांत मडकी पुरा. खानापूरची माती कुंभारकामाला प्रसिद्ध, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे, तेव्हा मडक्यांसाठी लांब जायला नको. सात लिटरची, बिनरंगाची, बिनलेपाची घ्या. पुरायच्या आधी प्रत्येक मडकं भरून ठेवा. दोन-तीन तासांत बाहेरून ओल फुटली तर घ्यायचं, कोरडं राहिलं तर ते पिण्याच्या पाण्यालाही उपयोगाचं नाही. एका वाफ्यात मध्यरेषेवर ७५ सेंटिमीटरवर एक अशी चार मडकी, फक्त तोंड वर, त्यावर झाकण, नाहीतर डास आणि पाली. दर तीन दिवसांनी भरायची. वाफ्याला दिवसाला नऊ-दहा लिटर लागतात, म्हणजे झारीच्या निम्मे. रोपं मडक्यापासून वीत-दीड वीत अंतरावर. आपल्याकडचं पाणी जड असेल तर वर्षा-दोन वर्षांत छिद्रं क्षारानं बुजतात, तेव्हा काढून व्हिनेगरच्या पाण्यात भिजत ठेवा आणि घासा.

वर आच्छादन. गळीत हंगामात उसाचं पाचट फुकट मिळतं, नाहीतर भाताचं पिंजर. सात सेंटिमीटर जाड, रोपाच्या बुंध्यापासून चार बोटं लांब. तांबड्या मातीत कोरड्या पाचटाखाली वाळवी लागते, आठवड्यातून एकदा उचलून बघा. पावसाळ्यात हेच आच्छादन गोगलगाईंचं घर होतं, म्हणून जूनमध्ये पातळ करा. ती मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत आख्खा तरवा फस्त करते. संध्याकाळी ओलं पोतं अंथरून त्याखाली पपईची पानं ठेवा, पहाटे पोतं उचला, हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर शिंपडणारे भेटतात. त्यानं गोगलगाय मरते आणि वाफाही.

झाडांबद्दल थोडक्यात. कोनोकार्पस, सप्तपर्णी आणि पाम कॉलनीत नकोत. सप्तपर्णीच्या फुलांच्या वासानं ऑक्टोबरात खिडक्या बंद कराव्या लागतात. बहावा, ताम्हण, बकुळ, करंज, आवळा इथल्या मातीत रुळलेले. मुरमाड जागेत खड्डा ९० सेंटिमीटरचा तिन्ही बाजूंनी, बुंध्याभोवती १.२ मीटरचा चौकोन मोकळा, फरशी नाही. जांभूळ वाटेवर लावलं तर मे-जूनमध्ये वाट जांभळी आणि निसरडी होते, कोपऱ्यात लावा. मियावाकीची दाट लागवड सध्या फॅशनमध्ये आहे. चौरस मीटरला तीन-चार रोपं, दोन-तीन वर्षं पाणी, आणि मग आत कुणाला शिरता येत नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेला धूळ अडवायला ठीक, पण कॉलनीची एकुलती एक मोकळी जागा त्यात घालवणं मला पटत नाही. असलेलं झाड तोडायचं असेल तर १९७६च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, फांद्या छाटण्याआधीही विचारून घ्यावं.

आराखड्यात एक आयत सोडायलाच हवा: दहा बाय बारा मीटर, सपाट, मुरमाचा, विजेच्या जोडणीजवळ. गणपतीचा मांडव तिथं, शिवजयंतीची तयारी तिथं, लग्नाची पंगतही तिथं. हा आयत नसेल तर भाद्रपदात मांडवाचे खांब तुमच्या भेंडीच्या वाफ्यात उभे राहतात, आणि त्या वेळी मंडळाशी वाद घालून काही उपयोग नसतो. दिवाळीचंही तसंच. किल्ल्याला माती लागते, आणि पोरांना वाफ्यातली चाळलेली माती पटकन दिसते. एका कोपऱ्यात ट्रॉलीभर तांबडी माती आणि चार दगड आधीच ठेवून द्या. दिवाळीनंतर तीच माती वाफ्यांत परत येते.

कागदपत्रं. जागा कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा: महानगरपालिकेकडे हस्तांतर झालेली, की अजून बुडाकडे (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे), की ले-आउटवाल्यानं सोडलेलीच नाही. उद्यान म्हणून राखलेल्या जागेला १९८५च्या कर्नाटक उद्याने, क्रीडांगणे आणि खुल्या जागा कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळं अर्जात ‘शेती’ असा शब्द न घालता ‘उद्यानाची देखभाल’ असं लिहा. अर्ज कन्नडमध्ये, सोबत मापांचा नकाशा, आणि तीन गोष्टी स्पष्ट: कर्बला खाच घेणार, पक्कं बांधकाम करणार नाही, जागा सगळ्यांना खुली राहील. नगरसेवकाचं तोंडी ‘करा की’ पुरत नाही. पुढच्या निवडणुकीत माणूस बदलतो.

वाफे घरटी वाटायचे की सामाईक ठेवायचे यावर फार चर्चा होते. निम्मे-निम्मे करा. घरटी वाफ्यांवर लोक मनापासून राबतात, सामाईक वाफ्यांवर पंच कमिटीची आणि महिला मंडळाची कामं होतात. तीन आठवडे भांगलण न झालेला वाफा प्रतीक्षेतल्या पुढच्या घराला, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून सह्या घ्या. नंतर घातलेला नियम कुणाच्या तरी नावानं घातल्यासारखा वाटतो. सामाईक भाजी विकायची नाही, आलेल्यांनी त्याच दिवशी वाटून घ्यायची. पैसा आला की हिशेब आला, आणि हिशेबापायी बागा बंद पडतात.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाच्या दोन सरी पडून गेल्यावर, एक सकाळ सगळ्यांनी मिळून लागते. कर्बच्या खाचा मोकळ्या, कुंडातला गाळ बाहेर, सांडव्यापुढचं गवत काढलेलं, विहिरीच्या गाळणीची वाळू धुतलेली, कंपोस्टवर पत्रा तारेनं बांधलेला, काँग्रेस गवत फुलायच्या आत मुळासकट उपटलेलं. ते उपटताना बाह्या पूर्ण आणि हातमोजे, अंगाला खाज सुटते. कुंडातून निघालेला गाळ वाफ्यात टाकायचा नाही, त्यात रस्त्याचं तेल आणि प्लॅस्टिक असतं. तो वाटेच्या खळग्यांत भरायचा, वर मुरूम.